तिसऱ्या पाळीची शांतता

आठ दिवस झाले, ऊन पडलेलं नाही. पाऊस म्हणावा तर तोही धड नाही. मधूनच भुरभुरतो, थांबतो, पुन्हा भुरभुरतो. श्रावण निम्मा होत आला. आभाळ इतकं खाली आलंय की समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी त्यात अर्धी बुडालीय. गॅलरीतल्या दोरीवर परवाचे कपडे अजून दमट आहेत आणि त्यांचा कुबट वास घरभर पसरलाय. सकाळचे अकरा वाजलेत की दुपारचे चार, हे घड्याळ बघितल्याशिवाय कळत नाही. मी गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसलोय. काहीही करत नाहीये.

त्यातून आज गुरुवार. आमच्याकडे गुरुवार हाच रविवार. भोसरी, पिंपरी, तिकडे पार चाकणपर्यंत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळ्या जगाला जे रविवारी सुचतं, मटण आणायचं, डोक्याला तेल लावून घ्यायचं, दुपारी ताणून द्यायची, ते आम्हाला चौतीस वर्षं गुरुवारी सुचत आलं. शेजारी गुरुवारचा उपास धरायचे आणि आमच्या खिडकीतून मसाल्याचा वास त्यांच्याकडे जायचा. पाहुणे रविवारी यायचे तेव्हा मी कामावर, आणि मी मोकळा असायचो तेव्हा पाहुणे कामावर. निवृत्त होऊन आता दीड वर्ष झालं. सातही दिवस गुरुवार. सुरुवातीला बरं वाटलं, पण ते नव्याचे नऊ दिवस. आता खरा गुरुवार उजाडला की उलट उदास वाटतं, कारण बाकीच्या सहा दिवसांपेक्षा त्याच्यात वेगळं काही उरलेलं नाही.

घर शांत आहे. फार शांत. मी प्रेस शॉपमधला माणूस. पत्रा साच्यावर ठेवायचा, वरून दणका देत प्रेस खाली यायचा आणि त्या पत्र्याचा गाडीचा दरवाजा व्हायचा. दिवसातून कितीदा, ते मोजणं आम्ही केव्हाच सोडलं होतं. त्या दणक्यांनी माझा उजवा कान जवळजवळ नेला, डावा निम्मा ठेवला. माझी बायको विमल बोलते हळू आणि मला ऐकू येतं कमी. ‘काय?’ म्हणून मी विचारतो. ‘काही नाही,’ म्हणून ती सांगते. कामावर होतो तेव्हा हे लक्षात आलं नाही. आता दिवसभर घरात बसल्यावर कळलं, की आमचा निम्मा संसार या दोन वाक्यांवर चाललाय.

सकाळी चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती फोनवर बोलत होती. विहारातल्या महिला मंडळाचा फोन होता. सध्या वर्षावास चालू आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, पांढऱ्या साड्या नेसून बायका जातात, विमलही जाते आणि मागच्या ओळीत बसते. येत्या पौर्णिमेला मंडळाच्या बायकांनी गाण्यांचा कार्यक्रम ठेवलाय. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं, की लग्नाआधी ही गायची.

“नाही ओ ताई,” विमल म्हणत होती, “आवाज कुठं राहिलाय आता. तुम्ही दुसरं कुणी बघा.” पलीकडून बराच आग्रह झाला असावा. “बरं, संध्याकाळपर्यंत सांगते,” म्हणून तिनं फोन ठेवला. तोंडावरून स्पष्ट दिसत होतं, की संध्याकाळी ती नाहीच म्हणणार.

मी तिथंच उभा राहिलो आणि नुसतं बघत राहिलो. तिनं कुकर चढवला. थोड्या वेळानं वाफ जोर धरायला लागली, शिटी हलायला लागली, तशी ती हातातली कोथिंबीर टाकून लगबगीनं उठली, गॅस बारीक केला आणि चिमट्यानं शिटी अलगद उचलून वाफ सोडून दिली. फुस्स. पुन्हा वाफ धरली, पुन्हा फुस्स. शिटी एकदाही वाजली नाही. हे ती रोज करत असणार. मी दीड वर्ष घरात आहे आणि हे मला आज दिसलं.

“शिटी का होऊ देत नाहीस?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. “सवय,” म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली.

तेवढ्या एका शब्दानं मी पंचवीस वर्षं मागे गेलो.

तेव्हाही असाच वर्षावास होता आणि असंच कोंदट आभाळ. आम्ही इथंच, चिखलीत, याच जागेवर राहायचो. पण तेव्हा ही पाच मजली इमारत नव्हती. ओळीनं दहा पत्र्याच्या खोल्या होत्या, समोर लांब सामायिक ओटा, मागे मालकिणीचा म्हशींचा गोठा. मालकीणबाई म्हणजे कोंडामावशी. गावातलं जुनं शेतकरी घर त्यांचं. खोल्यांमध्ये सगळे आमच्यासारखे कंपनीवाले, कुणी लातूरचे, कुणी कोकणातले, मी परभणीकडचा. मुलगी प्रज्ञा पहिलीत जायची. एरवी आमची पाळी दर आठवड्याला बदलायची, पण त्या वर्षी नव्या गाडीचं काम आलं आणि मला सलग तीन महिने तिसऱ्या पाळीला टाकलं. सकाळी आठ वाजता घरी यायचं, खायचं आणि झोपायचं. जगाचा दिवस सुरू होताना माझा संपायचा.

महिनाही झाला नव्हता, तोच आमच्या लाइनवरच्या एका सोबत्याची दोन बोटं प्रेसखाली गेली. पहाटेची वेळ, डोळ्यावर झोप, एक क्षण चुकला. मी घरी येऊन विमलला सांगितलं आणि सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशीपासून घर बदललं.

खिडकीला गोधडी लागली. दिवसा अंधार झाला. कंपनीतून हात पुसायला लाल फडके मिळायचे, त्यातला एक तिनं बाहेर दाराच्या कडीला बांधला. कडीला फडका दिसला की समजायचं, आत तिसऱ्या पाळीचा माणूस झोपलाय. आठ-पंधरा दिवसांत आमच्या ओळीत आणखी तीन दारांना तसेच फडके आले. दूधवाला हाक न मारता भांडं भरून ठेवायचा. भाजीवाली ओट्याच्या टोकाशी थांबून हातानं खुणा करायची. धुणं लांब, हौदावर. कुकर बंद, डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. पत्र्यावर पावसाचा आवाज व्हायचा तेवढाच, त्याला ती काही करू शकत नव्हती. तरी एकदा तिनं मावशींकडून जुनी पोती आणून छपरावर टाकली होती.

मला हे सगळं फार सुखाचं वाटायचं, हे खरं सांगायला हवं. दणक्यातून सुटून आलेल्या माणसाला तो गोधडीमागचा काळोख म्हणजे आईची कूस. पडल्या पडल्या मी मेल्यासारखा झोपायचो. पाळी पुढे बदलती झाली, फडका कधी बांधला जायचा, कधी सुटायचा. खोल्या पडून इमारत झाली, आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं, खिडक्यांना पडदे आले. शांतता मात्र तशीच राहिली. मी समजलो, विमलचा स्वभावच मितभाषी.

आणि मी ते मिरवलं. कंपनीत निरोप समारंभ झाला तेव्हा तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. शाल-श्रीफळ झालं, मला चार शब्द बोलायला सांगितले. मी मोठ्या अभिमानानं म्हणालो, “चौतीस वर्षांत आमच्या घरात हिचा आवाज कधी वर चढला नाही.” टाळ्या पडल्या. विमल मांडीवरच्या नारळाकडे बघत होती. लाजली असेल, असं मला वाटलं.

यातली लाज कुणाला वाटायला हवी होती, ते आता सांगतो. विमलचं माहेर देहूरोडचं, वडील तिथल्या लष्करी डेपोत कामाला. मी पहिल्यांदा तिला पाहिलं ते चहापोह्यांच्या वेळी नाही. त्याच्या आधी एप्रिलमध्ये, जयंतीच्या कार्यक्रमात, स्टेजवर. पिवळसर दिव्याखाली निळ्या काठाची साडी नेसलेली एक किडकिडीत पोरगी गात होती आणि तिला माइकची गरज नव्हती. शेवटच्या रांगेत, सायकलला टेकून उभं राहून मी ऐकलं. घरी येऊन मामाला सांगितलं, करीन तर हिच्याशीच. सुरुवातीची काही वर्षं ती स्वयंपाक करताना गायची, प्रज्ञाला निजवताना गायची. मग थांबली. कोणत्या दिवशी थांबली, ते मला सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी मी झोपलेलो होतो.

दुपारी जेवणं झाली. भात, वरण, घोसावळ्याची भजी. चमच्यांचाही आवाज नाही. विमल जरा आडवी झाली आणि मी गॅलरीत येऊन प्रज्ञाला फोन लावला. ती वाकडला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आज घरूनच काम होतं तिचं. फोन डाव्या कानाला लावला तरी मला दोनदा म्हणावं लागलं, “मोठ्यानं बोल गं.”

ती हसली. “टीममधले सगळे हेच म्हणतात, पप्पा. मीटिंगमध्ये माझं कुणाला ऐकूच जात नाही.”

“तुला लहानपणचं काही आठवतं का? त्या पत्र्याच्या खोलीतलं?”

“चपला आठवतात. शाळेतून आले की ओट्याच्या सुरुवातीलाच काढायच्या, हातात घ्यायच्या आणि दारापर्यंत अनवाणी यायचं. आईनं शिकवलं होतं.” मग म्हणाली, “आणि माझ्या घरी कुकर वाजला की मी अजून दचकते. वाटतं, पप्पा उठतील.”

ती हे सहज म्हणाली, त्यात तक्रार नव्हती. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कपड्यांच्या दोरीकडे बघत बसलो. वाईट वाटत होतं आणि त्या वाईट वाटण्याला जायला कुठं जागा नव्हती. शेवटी उठलो, विमलला म्हणालो, “मी खाली मावशींकडे जाऊन येतो.”

कोंडामावशी आता ऐंशीला टेकल्यात. इमारत झाली तेव्हा बाकी काही नको, पण तळमजला द्या म्हणाल्या. म्हशी गेल्या, तरी त्यांची खुर्ची अजून गोठा होता त्याच बाजूला असते. मला बघून म्हणाल्या, “या. आज बरं गावला.”

मी उगाच हवापाण्याचं बोललो आणि मग विचारलंच. “मावशी, आमची विमल गायची ते तुम्हाला आठवतं का?”

“आता हे काय इचारनं झालं?” मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत सावरून बसलो. “इमल रोज दुपारी गोठ्यात यायची की. तुमी निजला का पोरीला शाळंत घालून हिकडं. म्हशीच्या मागं बसायची अन गायची. दोन म्हशी व्हत्या तवा, दोनी वळखायच्या तिला.”

“मला कधी बोलली नाही.”

“कसं बोलंल? तुमी येकदा वराडला व्हता न्हवं. पोरीला निजवत व्हती अन तुमी उठून म्हनला, मानसानं निजायचं का न्हाई. त्या दिसापास्नं घरात न्हाई गायली ती.” मावशींनी गुडघा चोळला. “मी म्हनलं तिला, अगं, तू काय चोरी करतीस व्हय? तर म्हनायची, मावशी, झोप न्हाई झाली तर हात जाईल त्येंचा. आपल्या गान्यापायी बोटं जायला नकोत.”

“मग गोठ्यात तरी किती वर्षं गायली?”

“म्हशी इकल्या तवर. मंग कुटं जानार?”

ओरडलेलं मला आठवत नाही. आठवून बघितलं, अजिबात आठवत नाही. खोटं असेल असंही वाटत नाही. झोपेतून उठवलेला माणूस काय बोलतो ते त्याच्या लक्षात राहत नाही, ऐकणाऱ्याच्या राहतं. मी माझ्या हातांकडे बघितलं. प्रेस शॉपमधून दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त होणारे आमच्या वेळचे फार नाहीत. इतकी वर्षं मी समजत होतो, ती माझ्या सावधपणामुळे राहिली.

वर आलो. विमल चहा टाकत होती. मी टेबलाशी बसलो आणि दोन्ही हात पालथे करून समोर ठेवले.

“मावशींनी गोठ्याचं सांगितलं,” मी म्हणालो.

तिचा हात गाळणीवर थांबला.

“ही बघ बोटं. सगळी आहेत. मोजून घे पाहिजे तर. तिसरी पाळी संपली, विमल. मी त्या समारंभात काय मूर्खासारखं बोललो, ते मला आज कळलं. उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, पण तू पौर्णिमेला गा.”

तिनं चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला. पदरानं डोळे पुसले की कपाळावरचा घाम, ते मला त्या मळभात नीट दिसलं नाही. मग डाव्या बाजूला, ज्या कानानं मला ऐकू येतं तिकडे येऊन बसली.

“रागानं नाही ओ बंद केलं मी,” ती म्हणाली. “तुम्ही सकाळी दारात दिसायचात ना, तेव्हा मी आधी हात बघायचे. मग तोंड.” तिनं माझा कप जरा जवळ सरकवला. “पण आता खरंच निघत नाही. घरात तुम्ही आहात म्हटलं की गळा आपोआप आवळतो. मी मुद्दाम नाही करत. मंडळाला मी नाही म्हणूनच सांगणार होते.”

“मी घरात नसलो तर?”

“तुम्ही कुठं जाणार या पावसात?”

मी चहा संपवला, चपला पायात सरकवल्या आणि म्हणालो, “तासभर येत नाही. मंडळाला फोन त्यानंतर कर.” ती अडवेल असं वाटलं होतं. तिनं अडवलं नाही.

मावशींनी मला पुन्हा बघून खुर्ची पुढे ढकलली. आम्ही दोघं बसून राहिलो. बाहेर भुरभुर चालू होती. सुट्टीमुळे रस्त्यावर कंपनीच्या बसेस नव्हत्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मला वाटायला लागलं, की काही गोष्टींना फार उशीर होतो आणि मग कुणी तासभर बाहेर बसलं म्हणून त्या परत येत नाहीत.

तेवढ्यात वरून कुकरची शिटी वाजली. चांगली सणसणीत, पूर्ण. माझ्या निम्म्या कानालाही कळली. मग दुसरी. मग तिसरी. आता या वेळेला कुकर कशासाठी लावलाय, हा विचार माझ्या मनात आला आणि मग कळलं, की कशासाठीच नाही.

नंतर पुन्हा सगळं गप्प झालं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी मान तिरकी केली होती. तोंडावर हळूहळू हसू आलं.

“लागली,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“गातीय की. ऐकू येत न्हाई व्हय?”

येत नव्हतं. मी उठून दारात गेलो, जिन्याखाली उभा राहिलो, डावा कान वर केला. पाण्याच्या पाइपचा आवाज, आणि माझ्या कानातला तो नेहमीचा शिणलेला घूं. पहिला मजला चढलो. काही नाही. दुसरा चढलो. तिथं काहीतरी हललं, आवाज म्हणावा इतकंही नाही. वर जायला हवं होतं. पण चपलांचा फटक फटक आवाज जिन्यात घुमत होता, आणि तिचे कान माझ्यासारखे नाहीत. पंचवीस वर्षं ती पावलं ऐकत आलीय.

मी वाकलो, चपला काढल्या आणि हातात घेतल्या. फरशी गार होती. एकेक पायरी चढत आमच्या दाराच्या तीन पायऱ्या खाली आलो, तेव्हा ऐकू आलं. आवाज खरखरत होता. वरच्या पट्टीत गेला आणि तुटला, ती खोकली, आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. मी भिंतीला टेकून तिथंच पायरीवर बसलो, चपला मांडीवर ठेवल्या आणि अजिबात हललो नाही.